जळगाव जिल्ह्यात दोन एकर काळ्या जमिनीत लॅव्हेंडर लावून तेलाचा धंदा जमेल का? तेल कुठे विकायचं?

नाही जमणार.

तुम्ही ज्या लॅव्हेंडरच्या बातम्या वाचल्यात ते भदरवाहचं, जम्मूच्या डोडा जिल्ह्यातलं. सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमधून तिथल्या मका लावणाऱ्या शेतकऱ्यांना रोपं मिळाली आणि त्यांचं खरंच भलं झालं. पण तिथे हिवाळ्यात बर्फ पडतं. या झाडाला थंडी हवी, निचरा हवा, आणि त्याची फुलं येतात जून-जुलैत. आपल्याकडे त्याआधी ४४-४५ अंशांचा मे आहे आणि फुलायच्या वेळी काळ्या जमिनीत घोटाभर चिखल. तोरणमाळचंही विचारू नका. उंची थोडीफार आहे, पावसाचं काय करणार?

इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आमचे थोरले दाजी. चोपड्याकडचे केळीवाले, पैसा बरा. एका कंपनीचा एजंट आला, स्टॅम्पपेपरवर बायबॅकचा, म्हणजे माल आम्हीच विकत घेऊ असा, करार करून रोपं देऊन गेला. लागवड चालू होती तेव्हाच मी म्हणालो, दाजी, पानाच्या कडा बघा. कडा दातेरी होत्या. तेलाच्या खऱ्या लॅव्हेंडरचं पान अरुंद आणि सरळ कडेचं असतं. दातेरी पानाचं ते कुंडीतलं. उन्हाला जरा जास्त टिकतं, पण वास कापराकडे जातो, अत्तरवाले त्याला भाव देत नाहीत. दाजी सगळ्या मजुरांसमोर म्हणाले, "तू गवतवाला, तुले काय समजस?" आषाढात गेलो तर रोप नुसतं धरलं तरी वर येत होतं, मुळाची साल चिकट होऊन हातात राहत होती. एजंटचा फोन लागेना. ताई बिचारी गप्प.

गवतवाला म्हणजे मी रोशा लावतो, सुगंधी तेलाचं गवत (पामरोसा), नंदुरबारकडे मुरमाड उतारावर. "गवत कोन पेरस रे भो?" हे दाजींचं ठरलेलं वाक्य, प्रत्येक लग्नात ऐकवतात. त्यांना कोणी सांगावं की एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा या पट्ट्यात रोशाचं तेल काढायच्या भट्ट्या पेटायच्या. तेल मुंबईहून जहाजाने तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या तेलात मिसळलं जायचं. भेसळच ती, पण गुलाबात खपेल असा वास खान्देशातल्या गवताला होता!

वास येतो तेलातल्या जिरॅनिऑल या घटकामुळे. चांगल्या तेलात ते ७५-८० टक्क्यांच्या वर असतं, व्यापारी आधी तेवढाच आकडा विचारतो. बी बारीक, वाळूत मिसळून वाफ्यावर टाकायचं आणि पावसाळ्यात रोपं लावायची. एकदा लावलं की चार-पाच वर्षं पुन्हा लावायला नको. फुलोऱ्यात कापायचं, काही तास सुकू द्यायचं, टाकीत पायाने दाबून भरायचं आणि वाफ सोडायची. पाण्यावर पिवळसर तेल तरंगायला लागलं की अख्ख्या शेताला गुलाबाचा वास. ओल्या गवतातून टनाला चार-पाच किलो तेल निघतं.

विक्रीचं म्हणाल तर मुंबईचे आणि कनौजचे व्यापारी घेतात. नमुना आणि जीसी रिपोर्ट (तेलात कुठला घटक किती, त्याचा प्रयोगशाळेचा अहवाल) आधी पाठवायचा, भाव ठरल्याशिवाय डबा हलवायचा नाही. बायबॅकवाल्याला तर दारातच उभं करू नका.

आता तुम्हीही रोशा लावायचा म्हणाल, तर तुमची जमीन काळी आहे, तेव्हा सखल भागात पाणी साचतं का ते पाहा. रोशालाही पाय पाण्यात आवडत नाहीत. भावही वर-खाली होतो, कारण जिरॅनिऑल कारखान्यातही बनतं. दोन एकरांसाठी स्वतःची भट्टी परवडत नाही. दाजी म्हणतात तसं केळीइतका पैसा यात नाही, हे मान्य. पण केळीला लागतं तेवढं पाणीही लागत नाही, आणि बोअर आटल्यापासून दाजी यावर बोलत नाहीत.

तुमच्या गावापासून भाड्याची भट्टी किती लांब आहे ते कळवा. पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढे असेल तर लावूच नका, सगळं ट्रॅक्टरच्या भाड्यात जाईल.