एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी प्रसिद्ध करणारी केंद्र सरकारची संस्था) अहवालात एखाद्या राज्यात गुन्हे जास्त दिसले, म्हणजे ते राज्य जास्त असुरक्षित का?

नाही, लगेच तसा अर्थ काढू नका. एनसीआरबी स्वतः गुन्हे मोजत नाही. पोलीस ठाण्यातल्या एफआयआरची माहिती जिल्हा आणि राज्य पातळीवरून दिल्लीला जाते (महाराष्ट्रात ती पुण्याचं सीआयडी गोळा करतं). तक्रारच घेतली नाही, तर तो गुन्हा कागदावर येतच नाही. त्यामुळे जिथे बायका न घाबरता ठाण्यात जातात, तिथला आकडा उलट मोठा दिसू शकतो, आणि हे चांगलंच लक्षण आहे.

आणखी एक मेख: एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली, तरी सर्वांत गंभीर गुन्हाच मोजतात. घरफोडी करताना खून झाला, तर नोंद खुनाखाली. तुलना करायचीच तर एकूण संख्येऐवजी दर लाख लोकसंख्येमागचं प्रमाण बघा, सोबत दोषसिद्धीचंही.