दुसऱ्या रिमोटला स्टार्ट नव्हतं

जुन्या टीव्ही गेमबद्दल आलेल्या पत्रांपैकी तीन या महिन्यात घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्या पत्राने मला थेट आमच्या खेतवाडीच्या खोलीत नेऊन बसवलं.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी काळाचौकीचा, वय 43. मुलाला दाखवायला म्हणून सुट्टीत एक टीव्ही गेम आणला, जुन्या गेमची कॅसेट त्याच्यासोबतच मिळाली. त्यात आमचा ‘ॲडव्हेंचर आयलंड’ निघाला, तो गवताचा घागरा घातलेला कुऱ्हाडवाला! चाळीतले आम्ही पाच जण त्याच्यासाठी जेवण विसरायचो. आता खेळायला बसलो तर गेम पूर्वीपेक्षा जोरात पळतोय असं वाटतं, माझ्या उड्या चुकतात. त्यात मुलगा (वय 11) वीस मिनिटांत म्हणाला, ‘बाबा, हे सगळं परत परत तेच आहे.’ मला तोडीचं उत्तर देता आलं नाही, आणि मनाला लागलंही. तो गेम खरंच वाईट होता का? आणि वेगाचं काय? माझंच वय झालं का?

उत्तर : दादा, आधी वेगाचं बोलू, कारण त्यात तुमच्या वयाचा काही संबंध नाही. गेम खरोखरच जोरात पळतोय.

आपण ज्यांना नुसतं ‘टीव्ही गेम’ म्हणायचो ते डबे म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या गेमच्या यंत्राच्या नकला. फॅमिकॉम जपानात जुलै 1983 मध्ये आलं. तिकडच्या टीव्हीवर सेकंदाला 60 वेळा चित्र उमटतं आणि हे गेम त्याच ठोक्यावर चालतात. एक चित्र उमटलं की माणूस एवढा पुढे, गोगलगाय एवढी पुढे, असा सरळ हिशोब. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला 50 वाले, आणि त्यांच्यासाठी बनवलेले डबेही 50 वर चालायचे. गेम तोच, ठोके कमी. जपानी पोराला ज्या अंतराला 5 सेकंद मिळायचे त्याला आपल्याला 6 मिळायचे. गाणंसुद्धा विलंबित लयीत वाजायचं. मी जपानी वेगाचा गेम पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, कुणीतरी टेप पुढे पळवतंय.

तुमचा नवा डबा बहुतेक 60 वर चालतोय. टीव्हीच्या रिमोटवर इन्फोचं बटण असेल तर दाबून बघा, बऱ्याच टीव्हींवर कोपऱ्यात आकडा येतो. डब्याच्या मेनूत पाल आणि एनटीएससी (ही जपानची 60 वाली पद्धत) अशी निवड असली तर पाल करा. दुसरी भानगड टीव्हीची. जुन्या डबा टीव्हीत सिग्नल आला की लगेच काचेवर दिसायचा. एलईडी टीव्ही आधी चित्र साफसूफ करतो, मोठं करतो आणि मग दाखवतो. त्यात सेकंदाचा अगदी लहान तुकडा जातो, पण या गेममधली उडी त्या तुकड्यावरच ठरते. पिक्चर सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल, तो लावा. तुमच्या बऱ्याच उड्या परत येतील.

आता मुलाचं. तो बरोबर बोलतोय. 8 एरिया, प्रत्येकात 4 राउंड, म्हणजे 32 राउंडचा गेम. जंगल, गुहा, समुद्रकाठ एकदा पाहून झाले की पुढे तेच देखावे, फक्त शत्रू जास्त आणि उभं राहायला जागा कमी. एरियाच्या शेवटी भेटणारा राक्षस दर वेळी त्याच अंगाचा, नुसतं मुंडकं बदललेलं. त्याहून वाईट नियम कुऱ्हाडीचा. मेलात की कुऱ्हाड गेली. जिथे मेलात त्याच्या अलीकडच्या पाटीपासून रिकाम्या हाताने निघायचं, आणि नेमकी तीच जागा कुऱ्हाडीशिवाय पार होत नाही. एकदा चुकलात की पुढचे दोन जीवही त्याच खड्ड्यात जाणार, हे दिसत असतं. ही रचनेतली चूक आहे आणि मी तिला चूकच म्हणेन.

ती कुठून आली तेही सांगते. सेगा कंपनीचा ‘वंडर बॉय’ नावाचा आर्केड गेम होता, 1986 चा. हडसन कंपनीने त्याच वर्षी तो फॅमिकॉमवर आणला. पण त्यातल्या नायकाचे हक्क सेगाकडे होते, म्हणून हडसनने आपल्याच एका माणसाला नायक केलं. ताकाहाशी मेइजिन. हा खराखुरा माणूस, सेकंदाला 16 वेळा बटण दाबण्यासाठी जपानी पोरांमध्ये गाजलेला. जपानाबाहेर त्याचंच नाव मास्टर हिगिन्स झालं. आर्केडचा गेम नाण्यावर चालतो, तिथे माणूस लवकर मरण्यातच दुकानाचा फायदा. तो कडकपणा घरच्या कॅसेटमध्ये तसाच उतरला. आणि कॅसेटमध्ये जागा किती? 100 किलोबाइटसुद्धा नाही. आज मोबाइलवर येणारा एक गणपतीचा फोटो याहून मोठा असतो. एवढ्या जागेत 32 राउंड भरायचे तर झाडं, ढग, दगड पुन्हा पुन्हा वापरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

एका गोष्टीचा मात्र मला अजून राग आहे. या गेममध्ये कंटिन्यू आहे! सगळे जीव गेल्यावरही त्याच एरियातून पुढे जाता येतं. पण त्यासाठी पहिल्या एरियाच्या पहिल्याच राउंडमध्ये, शेवटच्या जवळ लपवलेली मधमाशी सापडावी लागते. ती घेतली असेल तर गेम संपल्यावर दिशेचं बटण धरून स्टार्ट दाबायचं. कॅसेटसोबत पुस्तिका मिळायची नाही, सांगणारं कुणी नव्हतं. हे मला वयाच्या 38 व्या वर्षी कळलं. चार उन्हाळे आम्ही दर दुपारी पहिल्यापासून सुरू केलं होतं आणि ती माशी त्या पहिल्या राउंडमध्येच होती. कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

तरीही हा गेम मी दर वर्षी काढते. का, ते खोलीतलं सांगितल्याशिवाय सांगता येणार नाही.

आमची खोली दहा बाय बारा. 14 इंची टीव्ही शिलाई मशीनवर. गेमच्या रिमोटची वायर इतकी आखूड की खेळणारा अगदी काचेखाली मान वर करून बसायचा, बाकीचे पाच जण त्याच्या पाठीला खेटून मागे. अडॅप्टर तापायचा म्हणून तो गार लादीवर ठेवलेला. गेम एकट्याचा, खेळणारे सहा, तेव्हा आम्ही त्याची वाटणी केली होती. दगडांचा भाग मावसभावाचा. स्केटबोर्ड आला की रिमोट शेजारच्या मुलाकडे, कारण स्केटबोर्ड हळू करता येतो पण थांबवता येत नाही आणि त्याचाच हात तेवढा हलका होता. ढगांवरच्या उड्या माझ्या. जागा जवळ आली की स्टार्ट दाबून पॉज, रिमोट हातोहात पुढे, तळहाताचा घाम फ्रॉकला पुसायचा, पुन्हा स्टार्ट.

या गेमचं खरं डोकं त्याच्या पॉवरच्या पट्टीत आहे. वर रेघा दिसतात त्या सतत कमी होत जातात, तुम्ही काही केलं नाही तरी. फळं खाल्ली की भरतात, दूध मिळालं की पूर्ण भरतात. त्यामुळे थांबून विचार करायची सोयच नाही. जोरात पळालात तर दगडाला ठेचकाळता, सावकाश गेलात तर उपाशी मरता. या दोहोंच्या मधली एक चाल असते, ती सापडली की अख्खा राउंड एका दमात जातो आणि मागे बसलेले सगळे गप्प होतात. ती गप्प खोली मला अजून आठवते. एवढं साधं आणि एवढं घट्ट बांधलेलं फार कमी गेममध्ये आहे. तुमच्या मुलाला देखावे तेच दिसले. पट्टी अजून दिसलेली नाही.

आणि वांगं! काही अंड्यांतून जांभळं वांगं निघतं, काही वेळ पिच्छा सोडत नाही आणि पॉवर भराभर उतरते. आमच्या आजीला गेममधलं दुसरं काही कळायचं नाही, पण पाठमोरी भाकऱ्या थापताना ती मान वळवून ओरडायची, ‘अगं वांगं आलं, पळ!’ सह्याद्रीवर सातच्या बातम्या लागायच्या आत टीव्ही तिला द्यावा लागे. बटण बंद, सगळा स्कोअर पुसला. जतन करायची सोय नव्हती.

म्हणून दादा, मुलाला रिमोट देऊन मागे बसू नका. मधमाशी आधी शोधा, त्यात काही गैर नाही, ती लपवणंच गैर होतं. मग गेम वाटून घ्या. कुठला भाग कुणाचा ते त्याला ठरवू द्या. पॉज करून रिमोट त्याच्या हातात देताना तो हात पुसतो का ते बघा.

प्रश्न : ‘डक हंट’ या बदकं टिपायच्या गेमची बंदूक एलईडी टीव्हीवर चालत नाही. बंदूक बिघडली का? (वाचक, दहिसर)

उत्तर : बंदूक बहुतेक ठणठणीत आहे. तुम्ही घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड त्याच क्षणी शोधतो. डबा टीव्हीत चौकोन वेळेवर येतो. एलईडीवर उशिरा येतो, तोवर बंदुकीचं बघून झालेलं असतं. घरात जुना टीव्ही असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. मात्र त्याचं पाठचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा करंट साठलेला असू शकतो.

प्रश्न : ताई, माळा आवरताना भावाचा टीव्ही गेम सापडला, अडॅप्टर मात्र नाही. लहानपणी भाऊ आणि त्याचे मित्र मला दुसरा रिमोट द्यायचे आणि ‘तूपण खेळतेयस’ म्हणायचे. तो गेम एकट्याचाच होता हे मला खूप उशिरा समजलं. आता एकदा स्वतः खेळावंसं वाटतं. वय 46. कुठून सुरुवात करू? (वाचक, भांडुप)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मलाही पहिला उन्हाळाभर दुसराच रिमोट मिळाला होता. तो हातात घेऊन बघा, त्यावर स्टार्ट आणि सिलेक्टची बटणं नसतील. फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटला ती नव्हतीच, आणि नकलांनी तेच उचललं. ढगांवरची उडी भावांना जमेना तेव्हा कुठे पहिला रिमोट माझ्याकडे आला.

आता डब्याचं. माझ्या मामाचं ग्रँट रोडला टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, सोल्डरिंग मी तिथेच शिकले. तिथे सोळाव्या वर्षी मी एका मुलाचा डबा जाळला. अडॅप्टरची पिन बसली म्हणून लावली, प्लस मायनस बघितलं नाही. जळक्या बॅकेलाइटचा वास आणि त्या मुलाचा चेहरा, दोन्ही अजून विसरले नाहीये. म्हणून हात जोडून सांगते, घरातला कुठलाही अडॅप्टर लावू नका. डब्याच्या बुडाशी किती व्होल्ट आणि पिनच्या आत प्लस की मायनस ते छापलेलं असतं. ते टिपून घ्या. छापील मजकूर पुसला असेल तर डबा लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेऊन जा आणि मीटर लावून तपासून घ्या.

कॅसेट फुंकू नका. आपण सगळे फुंकायचो आणि ती चालायचीही, पण काम व्हायचं ते काढून परत घातल्यामुळे. थुंकीची वाफ मात्र तांब्यावर राहायची, त्यात मुंबईची खारी हवा, हिरवा गंज चढणारच. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा, पूर्ण वाळू द्या. फारच हिरव्या असतील तर आधी पांढरा खोडरबर हलक्या हाताने.

मग ‘ॲडव्हेंचर आयलंड’ लावा आणि पहिला रिमोट घ्या. पहिल्या राउंडला सुरुवातीलाच अंडं दिसेल, त्याला जाऊन भिडा, कुऱ्हाड आत आहे. गोगलगायींची भीती बाळगू नका, त्या सावकाश येतात. फळ दिसलं की घ्या, वांग्यापासून लांब. पहिल्या दिवशी दुसऱ्या एरियापर्यंत गेलात तर फार छान. लहानपणी आम्ही सहा जण मिळून पाचव्याच्या पुढे गेलो नव्हतो. कुठवर पोचलात ते कळवा. एरिया आणि राउंड, दोन्ही लिहा.