पत्र्यावर पत्रा चढवू देऊ नका

भाऊ, गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडलाय, गावातला ट्रॉल्या-गेट करणारा वेल्डर म्हणतो “वरून पत्रा मारून देतो”, तर मारू द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. नका देऊ.

माझ्या मारुती 800 चं नेमकं हेच झालं. तालुक्याच्या एका गॅरेजात गाडी टाकली, नाव घेत नाही. सडका भाग कापूनच काढा, असं बजावून सांगितलं होतं. त्यांनी जुन्या फ्लोअरवरच जी.आय. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा ठेवला, आर्क वेल्डिंगचे टाके मारले, डांबर फासलं आणि मॅट अंथरून गाडी दिली. एका पावसाळ्यात मॅट खालून ओली लागू लागली. दुसऱ्या डेंटरनं छिन्नी घालून पत्रा उचकटला, तर मध्ये काळ्या मातीचा ओला लगदा, आणि खालचा जुना पत्रा बोटानं चुरत होता. आत शिरलेल्या पाण्याला निघायला वाटच नव्हती. हातभर तुकड्यात भागलं असतं, तिथे अर्धं फ्लोअर आणि दाराखालची लांब पोकळ पट्टीही बदलावी लागली. जाब विचारला तर म्हणे, “जुनी गाडी आहे, असंच होणार.” गिऱ्हाइकाच्या नजरेआड असं काम करायचं आणि वर हे ऐकवायचं, याचा राग अजून गेलेला नाही.

जीपचं वेगळं असतं, तिला खाली चेसिस, म्हणजे वेगळा लोखंडी सांगाडा असतो. 800 ला वेगळी चेसिस नाही. हे फ्लोअर आणि ती पट्टीच गाडीचा भार धरतात. म्हणून कापण्याआधी दाराच्या चौकटीत अँगलचा आडवा टेकू टाकून घ्या आणि एका वेळी एकच बाजू उघडा. नाहीतर बॉडी बसते आणि मग दार लागत नाही.

मी वेल्डर नाही, शेजारी उभं राहून जे पाहिलं ते सांगतो. आर्कच्या रॉडनं पातळ पत्र्याला भोकं पडतात, सीओटू वेल्डिंगवालाच (गॅसच्या आडोशात बारीक तारेनं टाके मारणारा) शोधा. 20 गेजचा, म्हणजे साधारण 0.9 मिमीचा सी.आर. म्हणजे जस्त नसलेला साधा गुळगुळीत पत्रा, 0.8 मिमीची तार. एक टाका इथे, पुढचा लांब तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं. सलग ओढलं की पत्रा वाकतो. जी.आय. नकोच, त्याच्या जस्ताच्या धुरानं माणसाला ताप भरतो. सीट बेल्टचा बोल्ट जिथे आहे तिथला पत्रा गेला असेल, तर माझं ऐकू नका, चांगल्या बॉडीशॉपलाच दाखवा.

बॅटरी काढा, फ्लोअरखालून जाणारी पेट्रोलची लाईनही सोडवा. आतून टाके मारताना खालचं डांबर पेटतं, पाण्याची बादली आणि एक माणूस खाली हवाच.

काम उन्हाळ्यातच काढा. पावसाळ्यात घासलेला पत्रा प्रायमर लागण्याआधीच गंज धरतो. आणि रब्बीत शिवारातल्या पाण्याच्या मोटारी सुरू असल्या की व्होल्टेज पडतं, टाका वरवर बसतो, आत मुरत नाही. आमच्याकडे तरी असंच होतं.

पाणी कुठून येतं तेही पाहा: दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं मातीनं बुजली असतील किंवा काचेचं रबर कडक झालं असेल. आणि दाराखालची पट्टी स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा, किती आत जातो ते कळवा, मग किती कापावं लागेल ते सांगता येईल.