‘सेल’ या एकाच इंग्रजी शब्दाला इतके वेगवेगळे अर्थ कसे?

शरीरातील पेशी, तुरुंगातील कोठडी, टॉर्चमधला सेल आणि सेलफोन यांचा एकमेकांशी काही संबंध आहे की हा योगायोग आहे, असे आपण विचारले आहे. संबंध आहे, आणि तो थेट आहे. (दुकानातला ‘सेल’ तेवढा वेगळा, तो निराळाच इंग्रजी शब्द असून देवनागरीत सारखा दिसतो इतकेच.)

लॅटिनमध्ये ‘सेला’ म्हणजे लहान खोली. ख्रिस्ती मठांत एकेका साधूला राहायला मिळणारी खोली ती सेल, आणि कैद्याची कोठडीही सेलच. अंदमानच्या सेल्युलर जेलला ते नाव पडले, कारण तिथे सामायिक बराकींऐवजी प्रत्येक कैद्याला एकटे डांबण्यासाठी स्वतंत्र कोठड्या बांधल्या होत्या.

जीवशास्त्रात हा शब्द रॉबर्ट हूक याने आणला. बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्याला मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले आणि १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्याने त्यांना सेल म्हटले. बुचातील पेशी मृत असल्याने त्याला दिसल्या त्या केवळ भिंती. म्हणजे जीवनाच्या मूलभूत घटकाला आज जे नाव आहे, ते मुळात रिकाम्या खोल्यांना दिलेले आहे. मला या शब्दाच्या प्रवासातला हा टप्पा सर्वांत विलक्षण वाटतो.

विजेच्या बाबतीत हा अर्थ घरीच पाहता येतो. आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर पाणी घालण्यासाठी सहा झाकणे आहेत, आणि एका झाकणातून डिस्टिल्ड वॉटर ओतले तरी शेजारची पातळी वाढत नाही, कारण प्रत्येकाखाली स्वतःच्या प्लेटा आणि आम्ल असलेला बंदिस्त कप्पा असतो. प्रत्येक कप्प्याचे सुमारे २ व्होल्ट, सहांचे मिळून १२. कप्पा म्हणजे सेल, आणि त्यांचा संच म्हणजे बॅटरी. त्यामुळे टॉर्चमधल्या १.५ व्होल्टच्या सुट्या नळकांडीला आपण सेल म्हणतो तेच बरोबर आहे.

एक्सेलमधला सेलही असाच एक कप्पा. सेलफोनमध्ये मात्र भिंती उरत नाहीत. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत १९४७ साली मांडलेल्या कल्पनेनुसार प्रदेशाचे षट्कोनी भाग, म्हणजेच सेल, पाडायचे, लगतच्या भागांना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी द्यायच्या आणि थोड्या अंतरावर त्याच पुन्हा वापरायच्या. कागदावर हा आराखडा थेट पोळ्यासारखाच दिसतो.

मराठीत आपण पेशी, कोठडी, घट, रकाना असे नेमके शब्द योजले आणि ते मला प्रिय आहेत. पण त्यामुळेच यांच्यातले नाते मराठी माध्यमात शिकताना माझ्या कधी लक्षात आले नव्हते.