कालाजार, काला-अझार की काळा आजार?

प्रश्न असा आहे: "एकाच रोगाची तीन नावं वाचायला मिळतात. कालाजार, काला-अझार आणि काळा आजार. मराठीत कोणतं लिहावं? 'आजार' मराठी आहे, तर मग 'काला' कशाला?"

'आजार' मूळचा फारसी. तिकडे त्याचा मुख्य अर्थ छळ, यातना. दुखण्याला आजचे इराणी 'बीमारी' म्हणतात. मराठीत मात्र दुखणं हाच अर्थ रुजला आणि आपण त्याला आपला प्रत्यय लावून 'आजारपण' केलं. इतका तो घरचा झाला.

म्हणूनच 'काला-अझार' मला खटकतं. आसाम-बंगालकडचं हे नाव इंग्रजीत गेलं, तिथे रोमन लिपीत बसलं आणि त्या लिपीवरून वाचताना 'आ'चा 'अ' झाला, 'ज'चा 'झ' झाला. आपल्याच ओळखीचा शब्द आपण परका करून परत घेतला. 'आजार'मधला ज 'बाजार'मधल्यासारखाच आहे, त्यासाठी झ लागत नाही.

आता 'काला'. काहीजण त्याचा अर्थ काळ, म्हणजे मृत्यू, असा लावतात. 'कालाजार' या जोडरूपात काल + आजार आणि काला + आजार दोन्ही बसतात, त्यामुळे रूपावरून निकाल लागत नाही. उपचार न झाल्यास हा रोग बहुतेक रुग्णांचा जीव घेतो, तेव्हा तो अर्थ सुचणं स्वाभाविक आहे. तरी मला 'काळा रंग' हाच अर्थ पटतो. दीर्घ ताप, वाढलेली पानथरी (प्लीहा), खंगत जाणारं शरीर, आणि त्यासोबत हात, पाय, पोट, चेहरा यांवरची त्वचा काळवंडणं, हे या रोगाचं जुनं वर्णन आहे. नाव ठेवणाऱ्यांनी डोळ्यांना दिसलं तेच सांगितलं.

तेव्हा मराठीत 'काळा आजार' लिहावं. पण खरी अडचण विभक्तीच्या वेळी येते आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. दोन शब्द लिहिले तर विशेषण बदलणार: 'काळ्या आजाराचे रुग्ण'. जोडून लिहिलं तर 'काळाआजाराचे'. 'गोडेतेल' जोडल्यावर आपण 'गोडेतेलात' म्हणतो, 'गोड्यातेलात' नाही. पण 'काळा बाजार' मात्र 'काळ्या बाजारात' असाच चालतो. भाषेने दोन्ही वाटा वापरल्या आहेत. मी सुटे शब्द निवडतो, कारण 'काळ्या आजारावर औषध आहे' हे वाक्य कानाला सहज लागतं. शास्त्रीय मजकुरात 'कालाजार' हे रूढ विशेषनाम ठेवलं तरी माझी हरकत नाही. एकाच लेखात दोन्ही रूपं मिसळू नयेत, एवढंच.

एक चूक मात्र अर्थाची आहे, ती टाळायलाच हवी. 'काळा आजार' आणि 'लीशमॅनियासिस' हे समानार्थी शब्द नाहीत. १९०३ साली लीशमन आणि डोनोव्हन या डॉक्टरांनी वेगवेगळं काम करून या रोगाचा परजीवी नोंदवला, आणि मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनी दोघांची नावं त्याला दिली. त्या नावावरून झालेला 'लीशमॅनियासिस' हा रोगांच्या गटाचा शब्द आहे. त्यातला प्लीहा, यकृत, अस्थिमज्जा यांत शिरणारा प्रकार म्हणजे काळा आजार. राजस्थानात बिकानेरकडे आढळतो तो त्वचेवर व्रण करणारा प्रकार. त्याला काळा आजार म्हटलं तर वाचणाऱ्याला विनाकारण धास्ती बसेल.

जाता जाता, रोग पसरवणाऱ्या 'वाळूमाशी'बद्दल. शब्द सोपा आहे, मीही वापरतो, पण तो वाळूत शोधायला लावतो. हा कीटक डासाहूनही लहान, दोन-तीन मिलिमीटरचा, वाळूच्या रंगाचा, पंख उभे धरून बसणारा. भारतात काळा आजार पसरवणारी त्याची जात वाढते ती गोठ्याजवळच्या ओलसर, शेणामातीच्या जमिनीत आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत. म्हणून रोगाची माहिती लिहिताना 'वाळूमाशी' हा शब्द आला की लगेच पुढे 'भिंतीच्या भेगा, गोठा' हेही लिहावं.