वाचकांचे प्रश्न : उपग्रहाला दिसलेला वणवा

प्रश्न : नासाच्या ‘फर्म्स’ नकाशावर वणव्याचा ठिपका दिसला. त्याच्या अक्षांश-रेखांशावर जाऊन पाहिले, तर जळाल्याची खूणसुद्धा नाही. हे ठिपके भरवशाचे असतात का?

उत्तर : ठिपका बहुधा खराच असेल, शोधण्याची पद्धत बदलावी लागेल. ‘व्हिअर्स’ हा संवेदक जमिनीची उष्णता तुकड्या-तुकड्याने मोजतो. उपग्रहाच्या थेट खाली असा तुकडा ३७५ मीटर लांब-रुंद, म्हणजे सुमारे १४ हेक्टरांचा असतो. उपग्रह एका फेरीत जमिनीचा जो पट्टा पाहतो, त्याच्या कडांना तो ८०० मीटरांच्या घरात जातो. आग तुकड्याच्या कोणत्याही कोपऱ्यात असो, ठिपका उमटतो तो मध्यावर. म्हणून नोंदींची सीएसव्ही फाइल उतरवून घ्या आणि ‘स्कॅन’ व ‘ट्रॅक’ हे रकाने पाहा. त्या नोंदीच्या तुकड्याची लांबी-रुंदी तिथे किलोमीटरमध्ये दिलेली असते. ठिपका मध्यभागी धरून तेवढा चौकोन आखा. खरा तुकडा उपग्रहाच्या मार्गानुसार तिरका पडतो, तेव्हा चारही बाजूंनी थोडी जागा जास्तच धरा.

वेळेचा रकानाही चकवतो. ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आणि स्प्रेडशीट सुरुवातीची शून्ये गिळून टाकते. नुसते ‘१२’ दिसले तर ते ००:१२ असे वाचायचे.

प्रश्न : चौदा हेक्टरांच्या तुकड्यात खोलीएवढी आग कशी ओळखता येते?

उत्तर : सगळी करामत तरंगलांबीच्या निवडीत आहे. सुमारे ३०० केल्विनची जमीन आणि ८०० केल्विनची आग घ्या. ११ मायक्रॉनला तेवढ्याच क्षेत्रफळाची आग जमिनीच्या साधारण १९ पट प्रारण सोडते, तर ४ मायक्रॉनला तब्बल १८०० पट. त्यामुळे तुकड्याचा हजारावा भाग पेटला, तरी ४ मायक्रॉनचे मोजमाप जवळपास तिप्पट होते आणि ११ मायक्रॉनचे जेमतेम हलते. दोन्हींतला हा फरक आजूबाजूच्या तुकड्यांशी ताडून पाहिला जातो. ऊन खाऊन तापलेला उघडा कातळ दोन्ही तरंगलांबींना गरम दिसतो, म्हणून तो बहुतेक वेळा गाळला जातो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. फाइलीतले ‘ब्राइटनेस’ तापमान ज्वाळेचे नव्हे. ते आग आणि थंड जमीन मिळून भासणारे तापमान असते. शिवाय व्हिअर्सचा ४ मायक्रॉनचा तरंगपट्टा ३६७ केल्विनला संपृक्त होतो, त्यापुढचे त्याला मोजता येत नाही. आगीची तीव्रता हवी असेल तर ‘एफआरपी’ (आगीची प्रारणशक्ती) हा मेगावॅटमधला आकडा घ्या. प्रयोगांतून आलेला ठोकताळा असा, की एका मेगाज्यूल प्रारणामागे सुमारे ०.३७ किलो वनस्पती जळते. म्हणजे १० मेगावॅटची, अर्थात सेकंदाला १० मेगाज्यूल प्रारण सोडणारी आग सेकंदाला साधारण पावणेचार किलो गवत-लाकूड फस्त करते.

प्रश्न : संध्याकाळी डोळ्यांदेखत डोंगर पेटला होता, नकाशा मात्र कोरा. असे का?

उत्तर : व्हिअर्सचे उपग्रह दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात. मधल्या वेळात पेटून विझलेली गवताची आग त्यांच्या नजरेतून सुटते. दाट ढगांखालचेही दिसत नाही. धुरातून मात्र ४ मायक्रॉनचे किरण बऱ्यापैकी पार होतात. हिमावरी किंवा गोज यांसारखे भूस्थिर उपग्रह दर १० मिनिटांनी पाहतात, पण त्यांचा तुकडा २ किलोमीटरचा, त्यामुळे आग बरीच वाढेपर्यंत ती हाती लागत नाही. त्यातच फर्म्सवर नोंद यायला निरीक्षणानंतर सुमारे तीन तासांपर्यंत वेळ लागू शकतो. कोरा नकाशा पाहून कोणीही निर्धास्त राहू नये, हे आम्ही आवर्जून सांगतो.

प्रश्न : एकाच जागी रोज रात्री ठिपका येतो. तिथे जंगल नाही.

उत्तर : पोलादाची भट्टी, तेलविहिरीवरची वायूची ज्योत किंवा ज्वालामुखी असेल. त्या जागेच्या वर्षभराच्या नोंदी काढा. बाराही महिने ठिपका असेल तर तो वणवा नव्हे. जुन्या प्रमाणित फाइलींत ‘टाइप’ हा रकाना असतो, त्यात वनस्पतींच्या आगीला ०, ज्वालामुखीला १ आणि भट्टीसारख्या जमिनीवरच्या इतर स्थिर स्रोतांना २ हा अंक दिलेला असतो. ताज्या फाइलींत तो रकाना नसतो.

प्रश्न : ठिपके मोजून १४ हेक्टरांनी गुणले, तर जळालेले क्षेत्र मिळेल का?

उत्तर : नाही. तुकड्याचा किती भाग जळाला ते ठिपका सांगत नाही, आणि दोन फेऱ्यांच्या मधे जळालेले तर त्यात येतच नाही. त्यासाठी सेंटिनेल-२ या उपग्रहांची आगीआधीची आणि नंतरची, ढग नसलेली चित्रे घ्या. निकट अवरक्त आणि लघुतरंग अवरक्त पट्ट्यांतला फरक २० मीटरच्या बारकाईने जळालेली कड दाखवतो.