ट्रुमनच्या हातातला तो पेपर खराच आहे

१९४८ ची अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक जिंकलेले हॅरी ट्रुमन स्वतःच्याच पराभवाचा मथळा असलेला पेपर हातात धरून हसताहेत, त्या प्रसिद्ध फोटोत कुणी कारागिरी केली आहे का, की ट्रुमननीच गंमत म्हणून तो अंक छापून घेतला, असं विचारलंत. दोन्ही नाही. फोटो खरा आणि पेपरही खरा. ‘ड्युई डिफीट्स ट्रुमन’, म्हणजे प्रतिस्पर्धी उमेदवार ड्युईंनी ट्रुमनना हरवलं, हा मथळा ‘शिकागो डेली ट्रिब्यून’नं ३ नोव्हेंबर १९४८ च्या पहिल्या आवृत्तीत खरोखर छापला. दीडेक लाख प्रती निघाल्या. फोटो मात्र निकालाच्या रात्रीचा नाही. ४ तारखेला ट्रुमन रेल्वेनं वॉशिंग्टनला परत निघाले होते. वाटेत सेंट लुईसच्या युनियन स्टेशनवर गाडी थांबली, तिथे कुणीतरी तो अंक हातात दिला आणि त्यांनी डब्याच्या मागच्या सज्जात उभं राहून तो गर्दीपुढे नाचवला. म्हणजे हातात आदल्या दिवसाचा शिळा पेपर!

संपादकाला मूर्ख ठरवून लोक मोकळे होतात. माझ्या मते खरी गंमत छापखान्यात आहे. शिकागोतल्या पेपरांचे कंपोझिटर, म्हणजे मजकुराचे खिळे जुळवणारे कामगार, १९४७ च्या नोव्हेंबरपासून संपावर होते. त्यामुळे मजकूर टंकलेखन यंत्रावर टाइप करायचा, त्याचा फोटो काढायचा, त्यावरून छपाईचा ठसा म्हणजे ब्लॉक बनवायचा आणि मग छापायचं, असा द्राविडी प्राणायाम चालू होता. साहजिकच पहिली आवृत्ती नेहमीपेक्षा काही तास आधी सोडावी लागायची. बाहेरगावी पाठवण्यासाठी लवकर छापल्या जाणाऱ्या आपल्याकडच्या डाक आवृत्तीसारखंच, फक्त त्याहून घाईचं. मतमोजणी नीट सुरू होण्याआधीच मथळा ठरवणं भाग होतं. तेव्हा वॉशिंग्टनचे मुरलेले वार्ताहर आर्थर सिअर्स हेनिंग यांच्या अंदाजावर भिस्त ठेवली गेली. त्या घाईत बातमीतल्या काही ओळी चक्क उलट्या छापल्या गेल्या!

हेनिंगना तरी किती दोष द्यायचा? ड्युईच येणार हे सगळेच धरून चालले होते. मतचाचण्या घेणाऱ्या गॅलप संस्थेनं तर ऑक्टोबरच्या मध्यावरच चाचण्या थांबवल्या. शेवटच्या दिवसांत मतं कुठे सरकली ते कुणी पाहिलंच नाही. प्रत्यक्षात ट्रुमनना ३०३ इलेक्टोरल मतं (म्हणजे अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यवार प्रतिनिधींची मतं) पडली, ड्युईंना १८९.

ट्रुमन इतके खूश का दिसतात, तर हा पेपर त्यांचा जुना वैरी. पुढे पंचवीस वर्षांचं निमित्त साधून त्याच पानाची ब्राँझची प्रतिकृती त्यांना द्यायचं ‘ट्रिब्यून’नं ठरवलं होतं. १९७२ च्या डिसेंबरात ट्रुमन गेले आणि ते राहूनच गेलं.